निरोप आलाच नाही तर?

रिझल्टचे दिवस जवळ आले की आमच्या हॉस्टेलवर दोन जमाती तयार होतात. पहिली जमात रात्रभर लॅपटॉपसमोर बसून दर मिनिटाला रिफ्रेश मारते. "लागला का? नाही. लागला का? नाही." दुसरी जमात या पहिलीतल्या एखाद्या भल्या मुलीला "लागला की उठव गं" एवढं सांगते आणि चादर डोक्यावर ओढून घेते. कॉम्प्युटरवाले पहिल्या प्रकाराला पोलिंग म्हणतात, दुसऱ्याला इव्हेंट-ड्रिव्हन. मी अर्थात दुसऱ्या जमातीची. आता यात एकच भानगड आहे. ती उठवणारी स्वतःच झोपली तर? आपण सकाळपर्यंत समजत राहणार की रिझल्ट लागलेला नाही. आणि गंमत म्हणजे, रिझल्ट खरंच लागला नसता तरी आपल्याला अगदी तस्संच वाटलं असतं.

हा प्रश्न विनोदी आहे असं मला टी.ई.पर्यंत वाटायचं. मग मिनी प्रोजेक्ट आला.

बाकीच्या ग्रुप्सनी चॅटबॉट घेतले, चेहरा ओळखून हजेरी लावणारे कॅमेरे घेतले. आम्ही तिघींनी ठरवलं, एक छोटीशी प्रोग्रॅमिंग लँग्वेज करायची. मेसेजवर चालणारी. गाइड सरांनी चष्मा वर करून विचारलं, "कशाला? जगात लँग्वेजेस कमी पडल्यात का?" त्यावर आमच्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, पण उत्साह होता, आणि सरांनी तो चालवून घेतला.

ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी (सिव्हिल आणि केमिकलवाल्यांनो, पान उलटू नका) थोडक्यात सांगते. साधं फंक्शन कॉल करणं म्हणजे कॅन्टीनच्या काउंटरला टेकून उभं राहणं. चहा हातात पडेपर्यंत आपण जागचे हलत नाही, दुसरं काही करत नाही. मेसेज पाठवणं म्हणजे "दोन चहा" सांगून टेबलावर येऊन बसणं. चहा होईपर्यंत आपण जर्नल लिहितो, गप्पा मारतो, दुसऱ्याच्या प्लेटमधला वडा उचलतो. चहा आला की तो इव्हेंट. मग हातातलं ठेवायचं आणि चहा घ्यायचा. बटण दाबलं, मेसेज आला, घड्याळात अमुक वाजले, असं काही झालं की हे कर, एवढंच लिहून ठेवायचं. "आधी हे, मग ते, मग ते" अशी सरळ रांग त्यात नसते. आपल्या सिनिअर्सच्या सिनिअर्सनी व्हिज्युअल बेसिकमध्ये फॉर्मवर बटण ठेवून त्यावर डबल-क्लिक केलं आणि आत कोड लिहिला, तेव्हा ते हेच करत होते. आज ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट हेच करते. 1995 मध्ये ती आली तेव्हापासून तिचा सगळा संसार "हे झालं की ते कर" यावरच चाललाय.

कल्पना मात्र त्याहून जुनी. सत्तरच्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टोच्या प्रयोगशाळेत अ‍ॅलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मॉलटॉक केली. आपण दुसऱ्या वर्षी ऑब्जेक्ट-ओरिएंटेड म्हणजे क्लास, इनहेरिटन्स, पॉलिमॉर्फिझम असं घोकतो ना? के साहेबांनी पुढे स्वतःच खंत व्यक्त केली, की ऑब्जेक्ट हा शब्द वापरल्यामुळे लोकांचं लक्ष भलत्याच गोष्टीवर गेलं. मुख्य गोष्ट होती ती मेसेजची. (व्हायवात हे बोलू नका. मार्क क्लास आणि इनहेरिटन्सलाच आहेत.) 1973 मध्ये कार्ल हेविट यांनी सहकाऱ्यांबरोबर अ‍ॅक्टर मॉडेल मांडलं. त्यातला प्रत्येक अ‍ॅक्टर म्हणजे आपापल्या खोलीत बसलेला माणूस. त्याची वही त्याच्याजवळ, दुसऱ्याच्या वहीत डोकावायचं नाही, बोलायचं ते चिठ्ठीनेच. आणि 1986 च्या सुमारास स्वीडनमध्ये एरिक्सन कंपनीत जो आर्मस्ट्राँग आणि मंडळींनी टेलिफोन एक्स्चेंजसाठी एरलँग करायला घेतली. एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजारो कॉल चालू असतात, आणि त्यातला एक गंडला म्हणून बाकीचे तुटून चालत नाहीत. म्हणून प्रत्येक कॉल ही एक वेगळी इवलीशी प्रोसेस, तिची स्वतःची पत्रपेटी, आणि बोलणं फक्त मेसेजने. 1998 मध्ये एरलँग सगळ्यांसाठी खुली झाली. तुमचं व्हॉट्सअ‍ॅप तिच्यावरच उभं राहिलं. 2012 मध्ये त्यांनी एकेका सर्व्हरवर वीस लाख कनेक्शन्स धरून दाखवली होती.

आम्ही लायब्ररीत बसून एरलँग शिकत होतो. तिच्यात पत्रपेटीतून मेसेज घ्यायला 'रिसीव्ह' असतं. असा मेसेज आला तर हे कर, तसा आला तर ते कर, अशा ओळी. आणि सगळ्यात खाली, हवी असेल तर, एक ओळ 'आफ्टर'ची. इतक्या वेळात काहीच आलं नाही तर हे कर. ती ओळ वाचली आणि मी पेन खाली ठेवलं. कारण ही ओळ मी आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आले होते.

माझे बाबा कोकण रेल्वेत ट्रॅकमन होते. कोकणातल्यांना पावसाळी गस्त काय असते हे सांगायला नको, पण हॉस्टेलवर घाटावरचीही बरीच मंडळी आहेत म्हणून सांगते. 26 जानेवारी 1998 ला ही लाइन पूर्ण खुली झाली. डोंगर कापून काढलेली कटिंग्ज, उक्षी आणि भोकेच्या मधला करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा, रत्नागिरीच्या पुढे पानवलचा चौसष्ट मीटर उंच पूल. बांधणाऱ्यांना सलामच. पण जांभा दगड आणि आपला पाऊस यांचं काही खरं नाही. 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरड रुळावर आली आणि गाडीतली पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच जूनमध्ये करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस घसरली, तेही रुळावर आलेल्या दगडानेच. म्हणून दर पावसाळ्यात या मार्गावर सहाशेच्या वर माणसं गस्तीला असतात. जोराचा पाऊस पडून समोरचं दिसेनासं झालं की गाडी ताशी 40 च्या वर न्यायची नाही हा नियम. आणि रात्री काठी, हातबत्ती, पाठीवर पिशवी, पिशवीत फटाके घेऊन रुळावरून चालणारा एक माणूस. फटाके म्हणजे डिटोनेटर. रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक त्यावर आलं की धडाम, आणि ड्रायव्हरने थांबायचं.

गस्तवाला आपली बीट चालून स्टेशनात पोचला की मास्तर त्याच्या वहीवर वेळ घालून सही करतो. आणि तो पोचलाच नाही तर? ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटं. तेवढ्यात माणूस आला नाही की मास्तर पलीकडच्या स्टेशनला कळवतो, आणि त्या टप्प्यात जाणाऱ्या प्रत्येक गाडीच्या ड्रायव्हरला कॉशन ऑर्डर देतो. म्हणजे हळू जा, बघत बघत जा. मी एकदा बाबांना विचारलं होतं, "पण बाबा, गस्तवाल्याचा नुसता पाय मुरगळला असेल तर? किंवा तो वाटेत शेडमध्ये टेकला असेल तर?" बाबा म्हणाले, "असेल गो बाय. मास्तराला ते कळायची गरज नाय. कारण मागनं शोधायचं."

2016 च्या जुलैत, मी सहावीत होते तेव्हा, बाबा वेळेवर पोचले नाहीत. एका कटिंगमध्ये झाड आणि त्याच्याबरोबर बराचसा चिखल रुळावर आला होता. कटिंगच्या पोटात वॉकीटॉकीला रेंज नव्हती. गाडी ज्या बाजूने आधी यायची होती त्या बाजूला बाबा पावसात पळत गेले, सहाशे मीटरवर एक फटाका बांधला, बाराशे मीटरवर तीन, आणि लाल बत्ती घेऊन उभे राहिले. इकडे मास्तरांची पंधरा मिनिटं भरली. त्यांना ना झाडाचा पत्ता, ना बाबांचा. त्यांनी नियमाप्रमाणे पलीकडे कळवलं. गाडी कॉशन ऑर्डर घेऊन निघाली, रांगत आली, पहिल्या फटाक्यांवरच थांबली. गाडीतल्या बहुतेकांना काय झालं तेही कळलं नाही. झोपेतून उठून "आता काय झालं यांना" म्हणत कूस बदलली असेल, इतकंच.

आमच्या घरी मात्र पंधरा मिनिटांची ओळ नव्हती. बाबा सकाळी सातपर्यंत येतात, तर त्या दिवशी आई अकरा वाजेपर्यंत ओट्यापाशी उभी होती. भाकरी झाकून ठेवलेली. फोन करायचा तर कोणाला, आणि कधी करायचा? साडेसातला केला तर "उगाच घाबरते" म्हणणार. नऊला करावा तर आता येतीलच. आई तशी धीराची आहे, पण वाट बघणं कधी थांबवायचं हे आधी ठरलेलं नसलं की धीराचा काही उपयोग होत नाही.

तर आमच्या लँग्वेजचं नाव आम्ही 'गस्त' ठेवलं. आणि सरांच्या "कशाला?" या प्रश्नाला उत्तर सापडलं. एरलँगमध्ये 'आफ्टर' लिहिणं आपल्या मर्जीवर आहे. नाही लिहिलं तर प्रोसेस अनंत काळ वाट बघत बसते आणि कोणी काही म्हणत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तर प्रॉमिस पुरं झालं नाही आणि नाकारलंही गेलं नाही, तर पुढची ओळ कधीच चालत नाही. एरर नाही, इशारा नाही, स्क्रीनवर ते गोल गोल चक्र फिरत राहतं. म्हणजे पोचलेल्या निरोपासाठी या लँग्वेजेसनी छान छान सोयी केल्या, आणि न आलेला निरोप प्रोग्रॅमरच्या आठवणीवर सोडला. 'गस्त'मध्ये आम्ही ठरवलं की वाट बघायची तर 'नाही आलं तर' ही ओळ सक्तीची. ती नसेल तर प्रोग्रॅम कंपाइलच होणार नाही. असं दिसतं ते:

गस्तवाला_सोड (बीट 4)
वाट_बघ
    'पोचलो' आलं तर : वहीवर_सही
    15 मिनिटांत नाही आलं तर : शेजारी_कळव, कॉशन_ऑर्डर_दे

यावरून आमच्यातच दोन दिवस भांडण झालं. एक मैत्रीण म्हणे, ही सक्ती मूर्खपणाची आहे. दुकानदार गिऱ्हाइकाची वाट बघतो, तो काय दर पाच मिनिटांनी घाबरतो? जी प्रोसेस सेवा द्यायलाच बसलीय तिने वाट बघत बसणं हेच तिचं काम. आणि तिचं बरोबर होतं. कोणीतरी येईल म्हणून बसणं वेगळं, आणि पाठवलेला माणूस परत येण्याची वाट बघणं वेगळं. मराठीत दोन्हीला 'वाट बघणं'च म्हणतात, एरलँगमध्ये दोन्हीला 'रिसीव्ह'. शेवटी तह झाला. ज्याला खरंच अनंत काळ थांबायचंय त्याने तसं लिहावं, 'कायम' असा शब्द घालून. चुकून राहिलं ही सबब नको.

मग दुसरी पंचाईत निघाली, जी कुठल्याच पुस्तकात सुरुवातीला सांगत नाहीत. समजा पाच सेकंद वाट बघितली, उत्तर नाही, आपण पुढे गेलो. आणि सहाव्या सेकंदाला उत्तर आलं. ते येऊन पत्रपेटीत पडलं. आता आपण दुसराच प्रश्न विचारलाय, आणि पेटी उघडून पहिल्याचं शिळं उत्तर दुसऱ्याचं म्हणून वाचतोय! म्हणजे टाइमआउट घालून आपण एक रोग घालवला आणि दुसरा आणला. एरलँगवाले यासाठी प्रत्येक प्रश्नाबरोबर एक एकमेव खूण पाठवतात, उत्तरावर तीच खूण असेल तरच ते उत्तर धरायचं. तरीही उशिरा आलेलं उत्तर पेटीत कचऱ्यासारखं पडून राहायचं. त्याचा बंदोबस्त 2021 मध्ये, चोविसाव्या आवृत्तीत झाला. प्रश्न विचारताना एक तात्पुरता पत्ता द्यायचा आणि वेळ संपली की तो पत्ताच रद्द. उशिरा आलेलं पत्र मग कुठेच पोचत नाही.

सुट्टीत घरी हे रंगवून सांगत होते, तर बाबा म्हणाले, "म्हणजे प्रायव्हेट नंबर." मला माहीतच नव्हतं. स्टेशनमास्तरांजवळ दोन आकडी नंबरांचा छापील कागद असतो. फोनवरून महत्त्वाची कबुली द्यायची झाली, समजा फाटकवाल्याने फाटक बंद केल्याचं मास्तरला सांगायचं झालं, तर नुसतं "हो केलं" चालत नाही. आपल्या कागदावरचा नंबर सांगायचा, दोन्हीकडे लिहून ठेवायचा, आणि वापरलेला नंबर खोडायचा. कालची कबुली आजची म्हणून खपत नाही. एरलँगच्या किती तरी आधीपासून रेल्वेत हे चाललंय, आणि आम्ही 'गस्त'मध्ये तो कागदच उचलला. प्रत्येक मेसेजला नंबर, वापरला की खोड.

आमच्या ग्रुपमधली तिसरी मिरकरवाड्याची. तिच्या घरी बोट आहे. तिने एक प्रश्न काढला तो अजून आमच्या डोक्यात आहे. 11 नोव्हेंबर 2009 ला फयान वादळ आलं तेव्हा रत्नागिरीच्या कित्येक बोटी समुद्रात होत्या. मोबाइलची रेंज किनारा सोडला की संपते, वायरलेसची थोडी पुढे. खोल पाण्यातल्या बोटीला "परत फिर" हे पोचवायचीच धड सोय नव्हती, आणि कित्येक घरांतली माणसं परत आली नाहीत. तिचं म्हणणं असं, की रेल्वेत निरोप आला नाही तर गाडी हळू होते. समुद्रात निरोप आला नाही तर बोट मासे पकडत राहते. शांतता तीच, पण एकीकडे तिचा अर्थ धोका, दुसरीकडे सगळं ठीक. 2019 मध्ये जेमिनी नावाचं उपग्रहावरून सूचना घेणारं यंत्र आलं, तेही एकतर्फी होतं. किनाऱ्यावरून सांगितलं जाई, पण ते बोटीला कळलं की नाही हे किनाऱ्याला कळत नसे. 2024 पासून दोन्ही बाजूंनी बोलणारे ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसवायला सुरुवात झालीय. ती म्हणते, 'गस्त'मध्ये मेसेज पाठवणाऱ्यावरही सक्ती पाहिजे. पोच आली नाही तर काय, तेही लिहायला लावा. पण मग पोचेची पोच, आणि तिची पोच... हे कुठे थांबवायचं? एका बाजूचा शेवटचा निरोप पोचला की नाही हे तिला कधीच खात्रीने कळू शकत नाही, हे तर सिद्धच झालंय. सध्या आम्ही एका पोचेवर थांबलोय.

व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडमनी हसत विचारलं, "पंधरा मिनिटंच का? दहा का नाहीत?" त्यांना वाटलं आम्ही आकडा ठोकून दिलाय. मी सांगितलं की हा आकडा लँग्वेजने ठरवायचा नाही. एरलँगच्या तयार सर्व्हर-लायब्ररीत कॉलला पाच सेकंद आपोआप लागतात, आणि लोक ते तसेच ठेवतात, काम दहा सेकंदांचं असलं तरी. रेल्वेत ही वेळ बीटची लांबी, माणसाच्या चालण्याचा वेग आणि गाड्यांचं टाइमटेबल धरून आखलेल्या तक्त्यावर मोजतात. म्हणून 'गस्त'मध्ये आपोआप लागणारा आकडा नाहीच. लिहिणाऱ्याने कामाकडे बघून घालायचा. मॅडमनी "हं" केलं आणि पुढच्या ग्रुपच्या चॅटबॉटकडे वळल्या. मार्क बरे पडले.

बाबा आता रिटायर झालेत. मे महिन्यात त्यांना लॅपटॉपवर डेमो दाखवला. चार बीटा, दोन स्टेशनं, एक गाडी. तीन नंबरचा गस्तवाला मुद्दाम गायब केला. पंधरा मिनिटांची पंधरा सेकंद केली होती. गाडी हळू झाली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. मग स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले, "तो हरवलेला कुठाय?"

प्रोग्रॅममध्ये तो नव्हताच. मास्तराने गाडी सांभाळली, पण माणसाला शोधायला कोणालाच पाठवलं नव्हतं. ती ओळ आम्ही त्याच रात्री घातली. त्यासाठी व्याकरणात बदल लागला, कारण 'नाही आलं तर'च्या आत नवीन गस्तवाला सोडता येत नव्हता, आणि त्या शोधायला गेलेल्याचीही पुन्हा वाट बघायची, पुन्हा पंधरा मिनिटं. डेमोत 'कायम' हा शब्द तीन ठिकाणी होता. दोन ठिकाणचा काढून टाकलाय. तिसरा मास्तराच्या मुख्य लूपमध्ये आहे, तो तसाच ठेवला.